छापील सर

आमच्या कॉलेजात वर्गातला पंखा बंद करायच्या तीन पद्धती होत्या. मराठीचे सर नुसते वर बघायचे, की पहिल्या बाकावरचा कुणीतरी उठायचा. भूगोलाचे सर "ए, पंखा" म्हणायचे. इंग्रजीचे सर मात्र हातातलं पुस्तक मिटायचे, चष्मा काढायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "आय शुड बी एक्स्ट्रीमली ग्रेटफुल इफ समवन सीटेड इन द व्हिसिनिटी ऑफ द स्विचबोर्ड वुड बी गुड इनफ टु डिसकंटिन्यू द फॅन." हे वाक्य संपेपर्यंत बहुतेक वेळा वीजच गेलेली असायची.

त्यांचं नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही. महाराष्ट्रात ज्या ज्या तालुक्याला कॉलेज आहे, तिथं ते आहेतच. मळखाऊ रंगाची पँट, खिशाला दोन पेनं (एक निळं, एक लाल), बगलेत पुठ्ठा घातलेलं पुस्तक, आणि तोंडात असं इंग्रजी की ऐकणाऱ्याला वाटावं, कुठंतरी आत एक छोटा छापखाना चालू आहे. आमच्या एफ.वाय.च्या वर्गातल्या एका मेंढपाळाच्या पोरानं पहिल्याच आठवड्यात निदान केलं होतं, "सर बोलत न्हाईत रं, छापत्यात." तेव्हापासून ते छापील सर झाले. हे नाव त्यांना माहीत होतं, आणि मला दाट संशय आहे की आवडतही होतं.

छापील सरांच्या बोलण्यात विरामचिन्हं असायची. स्वल्पविरामाला उजवी भुवई वर जायची, अर्धविरामाला दोन्ही. कंस आला की डाव्या हाताचा पंजा पुढं व्हायचा, आणि कंसातला मजकूर संपेपर्यंत तसाच राहायचा. एकदा कंसात कंस आला तेव्हा सरांनी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवून दुसराही पंजा वापरला. पूर्णविरामाला डस्टर. त्यामुळं नोट्स उतरवून घेताना आमच्या वह्यांत स्पेलिंगं वाट्टेल ती पडायची, पण विरामचिन्हांची चूक कधी झाली नाही. डोळे मिटून ऐकणाऱ्याला कळायचं नाही; कान झाकून बघणाऱ्याला सगळं कळायचं.

छापलेल्या गोष्टीचा एक मोठा फायदा असतो. तिला शुद्धिपत्र जोडता येतं. छापील सर बोलण्यालाही शुद्धिपत्र जोडत. वर्गात येऊन हजेरी घ्यायच्या आधी ते कालच्या तासातल्या चुकांची जाहीर दुरुस्ती करत. काल अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं एक वाक्य शब्दयोगी अव्ययावर संपलं, ते कृपया असं वाचावं. 'वाचावं' बरं का, 'ऐकावं' नव्हे. आम्हाला कालचं वाक्य तर सोडाच, कालचा तासही आठवत नसायचा. पण आम्ही गंभीरपणे माना डोलवायचो आणि मागच्या बाकावरचे दोघंतिघं वहीत खरोखर दुरुस्ती करायचे.

त्यांचं सगळ्यात मोठं शुद्धिपत्र माझ्या आधीच्या बॅचच्या वाट्याला आलं. सर पुण्याला पेपर तपासायला गेले होते. तिथं अप्पा बळवंत चौकात त्यांना डॅनियल जोन्सचा उच्चारकोश जुन्यात मिळाला. मूळ १९१७ सालचा हा कोश. त्यात शब्दांचे अर्थ नाहीत, नुसते उच्चार. परतीच्या एस्टीत सरांनी तो उघडला आणि स्वारगेट सोडायच्या आत त्यांचा चेहरा उतरला. 'सटल' या शब्दातला 'बी' म्हणायचा नसतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी निवेदन केलं की, गेल्या अकरा वर्षांत या खोलीत जिथं जिथं 'सबटल' असं उच्चारलं गेलं असेल, तिथं तिथं ते 'सटल' असं समजावं, आणि माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी भेटल्यास त्यांनाही कळवावं. एका माजी विद्यार्थ्याला लग्नपत्रिकेबरोबर ही दुरुस्ती पोस्टानं गेली, असं म्हणतात. सरांना ओळखणाऱ्या कुणालाही यात अतिशयोक्ती वाटत नाही.

आणि एक शुद्धिपत्र मी स्वतः ऐकलेलं. जूनचा पहिला आठवडा, बाहेर अचानक अंधारून आलं. सर एका दीर्घ वाक्याच्या मधोमध उभे होते. क्रियापद अजून तीन ओळी लांब होतं. पत्र्यावर पहिले थेंब ताडताड वाजले, आणि सरांचा छापखाना खाडकन थांबला. "आरं तिच्या! ज्वारी!" एवढंच म्हणून ते धावत सुटले. घराच्या गच्चीवर त्यांनी दोन पोती ज्वारी वाळत घातली होती. आम्हीही मागोमाग धावलो, आणि बारा मिनिटांत अख्खी ज्वारी जिन्यात आणली. दुसऱ्या दिवशी निवेदन झालं, "येस्टरडेज लेक्चर वॉज डिसकंटिन्यूड ओइंग टु सर्कमस्टन्सेस ऑफ अ सीरियल नेचर." 'सीरियल'मधला विनोद आम्हाला एस.वाय.ला गेल्यावर कळला. तोवर सर हसायचे थांबले होते.

त्या दिवसाचं मला खरं नवल वाटलं ते वेगळंच. माणूस एकच, पण 'आरं तिच्या' म्हणणारा आणि 'सर्कमस्टन्सेस' म्हणणारा हे एका घरात राहणारे दोन वेगळे भाऊ वाटावेत. मराठीत सर वाक्यं अर्धवट टाकत. "तेवढं ते... हां... बघ की जरा," एवढ्यावर त्यांचा संसार चालायचा. इंग्रजीत मात्र कर्ता आल्याशिवाय क्रियापद नाही, आणि क्रियापद आल्याशिवाय सुटका नाही. काकू म्हणायच्या, "यांना इंग्रजीत राग आला की बरं असतं. वाक्य पुरं होईस्तोवर निवतो."

हे असं का, याचं उत्तर सरांच्या गावी आहे. गाव माणदेशातलं. पाऊस कमी, मेंढरं जास्त, आणि इंग्रजी बोलणारा माणूस पंचक्रोशीत एकही नाही. हायस्कुलातल्या मास्तरांनी इंग्रजी पुस्तकातून घेतलेलं. त्यांच्या मास्तरांनीही पुस्तकातूनच. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला झाली, मग रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण. यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता, आणि त्यानंच पुढं फ्रान्सच्या परदेशी पलटणीवर 'बो जेस्ट' ही कादंबरी १९२४ साली लिहिली. सरांना याचा फार अभिमान. "व्याकरणातसुद्धा कवायत आहे बघ त्याच्या. एकही शब्द रांग सोडत नाही."

आता डोळ्यांनी हे सगळं आत गेलं. कानांनी काय गेलं? रात्री नऊला ग्रामपंचायतीच्या रेडिओवर इंग्रजी बातम्या लागत. मेलव्हिल डी मेलो यांचा भारदस्त आवाज सरांच्या कानात अजून आहे. म्हणजे उभ्या लहानपणात इंग्रजी कानावर पडलं ते बातम्यांचं, आणि बातम्या समोरचा कागद बघून वाचतात. पुढं कॉलेजातल्या समारंभांत पाहुण्यांची भाषणं ऐकली. तीही कागद बघून. जन्मभर कानावर पडलेलं इंग्रजी कागदावरूनच वाचलेलं असेल, तर इंग्रज माणूससुद्धा बोलताना अडखळतो, वाक्य सोडून देतो, 'ते हे' म्हणतो, हे सरांना कळणार कुठून? त्यांनी साहेबाला कधी भाजी घेताना ऐकलंच नव्हतं.

उन्हाळ्याच्या एका सुटीत ते इंग्रजी अध्यापनाच्या कोर्सला हैदराबादला गेले होते. तिथं भाषा-प्रयोगशाळेत हेडफोन लावून त्यांना दोन इंग्रज प्राध्यापकांच्या अघळपघळ गप्पांची टेप ऐकवली. पाच मिनिटांनी सरांनी हात वर करून तक्रार केली की टेप खराब आहे. मधेमधे अडकते आणि 'अर्र, अर्र' असा आवाज येतो.

तसं पाहिलं तर लिहायचं एक आणि बोलायचं एक, हे आपल्याला नवं नाही. आपण 'केले' लिहितो आणि 'केलं' म्हणतो. 'पुस्तके' लिहून 'पुस्तकं' वाचतो. पोस्टमन दारात आला आणि 'मी आपले पत्र आणले आहे' म्हणाला, तर आपण आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करू. पण मराठीचे हे दोन्ही कपडे आपल्या कपाटात असतात. बाहेर जायचा सदरा असतो आणि घरात वावरायचं गंजिफ्रॉकही असतं. छापील सरांच्या हाती इंग्रजीचा फक्त सदरा आला, तोही कडक इस्त्रीचा. घरातले कपडे त्यांना कुणी दिलेच नाहीत. त्यामुळं इंग्रजीत त्यांनी कधी गंजिफ्रॉकवर दार उघडलं नाही. रात्री बाराला कुणी कडी वाजवली तरी ते सदरा घालून, वरची गुंडी लावून, मगच बाहेर येणार.

आणि हा सदरा गावाच्या किती कामाला यायचा! सातारा-सांगलीकडच्या त्या आमच्या गावात इंग्रजीतून काही लिहायचं म्हणजे सर. फौजेतल्या जवानाचा रजा वाढवायचा अर्ज, विम्याच्या दाव्याचं पत्र, द्राक्षं निर्यात करणाऱ्या बागायतदाराची परदेशी व्यापाऱ्याला तक्रार, कुणाच्या पोराच्या व्हिसासाठी हमीपत्र. संध्याकाळी ओसरीवर माणसं पोस्टाची पाकिटं घेऊन बसलेली असायची. सर एका बैठकीत मजकूर सांगायचे आणि पाकिटाला स्वतः डिंक लावायचे. त्यांच्या पत्रात 'विथ रेफरन्स टु' असायचं, 'आय बेग टु स्टेट' असायचं, 'द सेम' असायचं. साहेबी कचेऱ्यांनी मागं ठेवलेलं हे इंग्रजी साहेबाच्या देशात कधीच म्हातारं झालं. आपल्याकडं मात्र त्याच्या पायावर अजून अर्ज पडतात. सरांचं पत्र गेलं की काम व्हायचं. एका बँक मॅनेजरनं माझ्यादेखत सांगितलं, "तुमच्या सरांचं पत्र आलं की मी आधी उभा राहतो, मग वाचतो."

कॉलेजात नॅकची समिती आली तेव्हाही शंभरावर पानांचा स्वयंमूल्यमापन अहवाल सरांनीच लिहिला होता. समितीचे अध्यक्ष तो वाचून खूष होते. विभागात शिरल्या शिरल्या त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "सो, हाउज एव्हरीथिंग?" सर दोन पावलं मागं सरले, उजवी भुवई वर गेली. "सर, इन सो फार अ‍ॅज द डिपार्टमेंट इज कन्सर्न्ड..." पुढं अहवालाचं तिसरं प्रकरण आलं. अध्यक्ष हातात चहाचा कप घेऊन ऐकत उभे राहिले. कुठंतरी वाक्य संपेल, मग एक घोट घेऊ, या आशेवर. चहावर साय धरली. प्राचार्य सरांच्या मागं उभे राहून अध्यक्षांकडं बघून हात जोडत होते.

पण कोणी यावरून चिडवलं तर सरांकडं उत्तर तयार असे. 'लेक्चर' हा शब्द लॅटिनमधून आला, आणि मुळात त्याचा अर्थच वाचन. मध्ययुगातल्या विद्यापीठांत पुस्तकं दुर्मीळ, म्हणून मास्तर वाचायचा आणि पोरं उतरवून घ्यायची. "म्हणजे मी काही नवीन करत नाही. नवीन तुम्ही करता." वरून ते स्वतः पदानं 'रीडर'. सहाव्या वेतन आयोगाबरोबर रीडर जाऊन सहयोगी प्राध्यापक आलं तेव्हा पगार वाढल्याच्या आनंदात स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. सरांनी पेढा घेतला, पण म्हणाले, "पगार वाढला ते ठीक. पण मी वाचक होतो रे. आता नुसता सहयोगी."

त्यांच्याच हाताखाली मी पीएच.डी.ला बसलो. विषय होता मराठी ग्रामीण कादंबऱ्यांची इंग्रजी भाषांतरं. लाल पेनचा खरा पराक्रम मी तेव्हा पाहिला. 'अ लॉट ऑफ' दिसलं की काट. 'डोन्ट' दिसलं की त्याचं 'डू नॉट'. पहिल्या प्रकरणात मी चुकून 'आय थिंक' लिहिलं होतं. सरांनी त्याभोवती गोल केला आणि समासात विचारलं, "हू आर यू टु थिंक?" संशोधकानं स्वतःला 'मी' म्हणायचं नसतं, 'द प्रेझेंट रिसर्चर' म्हणायचं. त्याला काही वाटत नसतं. तसं 'म्हणता येऊ शकेल' असतं. तो काही करत नसतो. ते 'केले जाते'. चार वर्षांत मला इतकी सवय झाली की घरी चहा मागतानासुद्धा, प्रस्तुत संशोधकास चहाची आवश्यकता भासत आहे, असं मनात यायचं. बायको सुज्ञ, ती प्रस्तुत संशोधकाला म्हणाली, स्वतः करून घे.

मग व्हायव्हा. परराज्यातले एक नामवंत बाह्य परीक्षक आले होते. हॉल भरलेला, मागं माझे आईवडील, वडिलांच्या डोक्याला फेटा. परीक्षकांनी प्रबंध बाजूला सारला, खुर्चीत रेलले आणि हसून म्हणाले, "सो, टेल मी. इन युअर ओन वर्ड्स. व्हॉट डिड यू फाइंड?"

माझ्याकडं माझे शब्दच नव्हते. साडेतीनशे पानं होती, त्यातलं एकही वाक्य तोंडात मावेना. प्रबंधात मी लिहिलं होतं त्याचं मराठी असं होईल : 'भाषांतरप्रक्रियेत संवादांतील बोलीवैशिष्ट्यांचे प्रमाणीकरण घडून आल्याने पात्रांच्या सामाजिक स्तरभेदाचे धूसरीकरण होते.' हॅलिडे नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९८५ साली बोली आणि लेखी इंग्रजीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात हेच नेमकं दाखवलंय. लिहिताना आपण घडलेल्या गोष्टींचं नाम करून टाकतो आणि एकेका वाक्यात नामांची पोती रचतो. बोलताना तीच पोती सोडून, ज्वारी पसरून, एकाला एक उपवाक्यं जोडत जातो. बोलणं म्हणजे सोपं लिहिणं नव्हे. त्याची वीण वेगळी. पण हे ज्ञान त्या क्षणी माझ्या उपयोगाचं नव्हतं. मी घाम पुसत उभा होतो आणि पोती काही सुटत नव्हती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून, मार्गदर्शकाच्या खुर्चीतून, दबक्या आवाजात आलं, "आरं, परवा चहा पिताना मला काय सांगितलंस? ते सांग की."

मी म्हणालो, "सर, इन द मराठी बुक दे टॉक लाइक... लाइक माय फादर. अँड देन यू ओपन द इंग्लिश वन, अँड, यू नो, दे ऑल टॉक लाइक द कलेक्टर!"

परीक्षक खो खो हसले. फेट्याकडं बघून पुन्हा हसले. पुढचा अर्धा तास आम्ही नुसत्या गप्पा मारल्या. मला डॉक्टरेट मिळाली ती त्या एका वाक्यावर, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्या वाक्यात 'यू नो' होतं, 'लाइक' दोनदा अडखळलं होतं, आणि सुरुवातीचं वाक्य भलतीकडंच संपलं होतं. जेवणाच्या वेळी सर जवळ आले. मला वाटलं, शुद्धिपत्र. ते म्हणाले, "बासुंदी घे. संपत आलीय." तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की, या माणसाला सगळं माहीत आहे.

पुढं मी त्याच विभागात लागलो. काळ उलटा आला. आता पोरं बोलतात तसंच लिहितात. उत्तरपत्रिकेत 'यू'च्या जागी नुसतं एक अक्षर, 'बिकॉज'चे तुकडे, शेक्सपिअरच्या नायकाला 'ब्रो'. सर निवृत्तीच्या आदल्या वर्षी असे पेपर तपासत होते. मला वाटलं, संतापतील. ते बराच वेळ एक पान बघत बसले आणि म्हणाले, "हे पोरगं लिहितच नाहीय रे. माझ्याशी बोलतंय." आणि पाच मार्क कापले. ममत्व वेगळं, मार्क वेगळे.

निवृत्तीनंतरची गोष्ट. आमच्याच कॉलेजची एक मुलगी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकायला गेली. तिथं १९९७ ते २००२ या काळात एक गमतीचा उद्योग झाला होता. विद्यापीठातली व्याख्यानं, चर्चासत्रं, प्रबंधांची व्हायव्हा, प्रयोगशाळेतली बोलणी, असं सगळं रेकॉर्ड करून, 'अं', 'हं'सकट जसंच्या तसं लिहून काढलं. एकशे बावन्न प्रसंग, अठरा लाखांच्या वर शब्द, आणि ते कुणालाही वाचायला खुले. तिनं त्यातल्या एका व्याख्यानाच्या चाळीस पानांची प्रत सरांना पाठवली.

चार दिवसांनी मी घरी गेलो तर चाळीसच्या चाळीस पानं लाल. अमेरिकन प्राध्यापक 'ओके, सो' म्हणून सुरू करतो, लाल रेघ. मधेच वाक्य सोडून दुसरं धरतो. समासात 'व्हेअर इज द व्हर्ब?' पानोपानी 'काइंड ऑफ', 'यू नो', 'आय मीन', प्रत्येकाभोवती गोल. शेवटी दहापैकी साडेतीन मार्क आणि खाली 'सी मी'. मी म्हणालो, "सर, तो सगळा देश असाच शिकवतो. बायबर म्हणून एक भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलंय. विद्यापीठातलं व्याख्यान हे क्रमिक पुस्तकापेक्षा कट्ट्यावरच्या गप्पांना जास्त जवळचं." सर म्हणाले, "असेल. म्हणून चूक ती बरोबर होत नाही." विषय संपला. काकूंनी पोहे आणले.

रात्री साडेदहाला फोन वाजला. सर मराठीत होते.

"झोपलास का रे?"

"नाही सर."

"ते व्याख्यान परत वाचलं. तो माणूस अडखळतोय ना... तो अडखळला की एक पोरगं मधेच काहीतरी विचारतंय. मग हा म्हणतोय, हां, चांगलं विचारलंस. मग दुसरं. अरे, चाळीस पानांत सोळा वेळा पोरं बोलल्यात. मी मोजलं."

मी काही बोललो नाही.

"छत्तीस वर्षं शिकवलं मी. आठव बरं, माझ्या तासाला कुणी मधे काही विचारलं होतं का?"

मी आठवू लागलो. एकदा एकानं विचारलं होतं, सर, हे परीक्षेला आहे का. ते सांगण्यात अर्थ नव्हता.

"पुऱ्या वाक्यात शिरायला फटच नसते रे," सर म्हणाले. "बरं, झोप." आणि फोन ठेवला. वाक्य पूर्ण करून.

दुसऱ्या दिवशी मला ती पानं पुन्हा दिसली. साडेतीन खोडून सहा केले होते. 'सी मी' तसंच होतं. पण मला वाटतं, त्याचा अर्थ बदलला होता.

निवृत्तीनंतर सरांच्या हातात मोबाइल आला, पण छापखाना तसाच. त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप 'सब्जेक्ट'नं सुरू होतो आणि 'युअर्स सिन्सिअरली'नं संपतो. खाली तारीख आणि ठिकाण. वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही जावक क्रमांक असेल असं वाटत राहतं. आवाजी निरोप मात्र त्यांनी कधी पाठवला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तोंडातून गेलेलं खोडता येत नाही."

गेल्या श्रावणात मी कॉलेजात पोरांसाठी इंग्रजी संभाषणाचा एक वर्ग घेतला आणि त्याचं रेकॉर्डिंग सरांना पाठवलं. वर्ग म्हणजे गोंधळच होता. पोरं अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, उरलेलं हातवाऱ्यांनी बोलत होती, आणि माझ्या एकाही वाक्याला शेवटपर्यंत जाऊ देत नव्हती. तासाभरानं सरांच्या नावावर निळी रेघ उमटली. आवाजी निरोप, एकेचाळीस सेकंद.

"अं... हॅलो. आय हर्ड... आय मीन, आय लिसन्ड टु... युअर, अं, क्लास. अँड... यू नो... द चिल्ड्रन... दॅट बॉय हू सेड अबाउट द शुगरकेन... इट वॉज..." मग लांब श्वास. मागं कुकरची शिट्टी. काकूंचा आवाज, "कुणाशी बोलताय?" मग दबक्या आवाजात, "आरं तिच्या, हे बंद कसं कर..." आणि संपलं.

पाच मिनिटांनी लेखी मजकूर आला. सब्जेक्ट : एराटम. आजच्या तारखेच्या आवाजी निरोपात सातव्या सेकंदाला 'यू नो' असे जे ऐकू येते, तेथे 'अ‍ॅज यू आर डाउटलेस अवेअर' असे वाचावे. एकविसाव्या सेकंदानंतरचे वाक्य पूर्ण करून सोबत जोडले आहे. शिट्टी वगळण्यात यावी. खाली तारीख, ठिकाण, युअर्स सिन्सिअरली.

मी लगेच उत्तर पाठवलं : शुद्धिपत्र मिळाले, आभारी आहे.

मूळ प्रतीत दुरुस्ती मात्र मी अजून केलेली नाही. शिट्टीसकट जपून ठेवलीय.